घनमीटरचा भाव: पाटाच्या पाण्याचा ठोक दर कसा ठरतो आणि बिल कुठे चुकतं

पाणीपट्टीचं बिल हातात आलं की आपली नजर आधी दरावर जाते आणि भांडणही दरावरूनच होतं. त्या बिलात सर्वांत कमी घोळ दरातच असतो. तो आदेशात छापलेला असतो, राज्यभर सारखा असतो आणि कुणालाही पडताळून बघता येतो. घोळ असतो शेजारच्या रकान्यात. किती घनमीटर पाणी दिलं, ते कुठे मोजलं आणि कुणी मोजलं, हे प्रश्न तिथे असतात. हा लेख दोन्ही रकान्यांबद्दल आहे, पण वजन दुसऱ्याकडे जास्त आहे, हे आधीच सांगतो.

महाराष्ट्रात हा दर ठरवतं महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण, म्हणजे कागदोपत्री मजनिप्रा. 2005 च्या कायद्याने ते आलं. त्याआधी दर सरकार थेट ठरवायचं आणि निवडणुकीच्या आगेमागे त्याला हात लावायला कुणी तयार नसायचं. प्राधिकरण जो दर ठरवतं त्याला 'ठोक' दर म्हणतात, आणि हा शब्द नीट समजून घ्यायला हवा. धरणाचं पाणी जलसंपदा खातं मोठ्या मापाने ज्याला देतं, त्या टप्प्यावरचा हा भाव आहे. लघुवितरिकेच्या, म्हणजे कालव्याच्या शेतांकडे जाणाऱ्या छोट्या शाखेच्या, तोंडाशी शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थेला, तसंच नगरपालिकेला आणि औद्योगिक वसाहतीला पाणी दिलं जातं तो हा टप्पा. नगरपालिका पुढे नळाला किती आकारते किंवा संस्था आपल्या सभासदाकडून एकरी किती घेते, हा प्राधिकरणाचा विषय नाही. संस्था नसलेल्या भागात शेतकऱ्याला पिकानुसार हेक्टरी आकारणी होते, तिचे दरही त्याच आदेशात असतात. म्हणून सगळी सरमिसळ होते.

कायद्यातलं कलम 11 (ड) या सगळ्याचं मूळ. सिंचनाचं व्यवस्थापन, प्रशासन, परिचालन आणि देखभाल-दुरुस्ती यांचा पूर्ण खर्च पाणीपट्टीतून निघावा, असं ते सांगतं. त्यात जे लिहिलेलं नाही तेही तितकंच महत्त्वाचं आहे. धरण बांधायला लागलेले पैसे, त्यावरचं व्याज आणि घसारा यांतलं काहीच त्या यादीत नाही. म्हणजे शेतकऱ्याला जो भाव पडतो तो चालू खर्चाचा, भांडवलाचा नाही. नियोजन आयोगाच्या वैद्यनाथन समितीने 1992 मध्ये देखभालीचा पूर्ण खर्च आणि त्यावर भांडवली खर्चाचा 1 टक्का घ्यावा असं सुचवलं होतं. त्याही आधी, 1972 च्या केंद्रीय सिंचन आयोगाने खर्चाऐवजी उत्पन्नाकडे बघितलं होतं: अन्नधान्याच्या पिकावर ढोबळ उत्पन्नाच्या 5 टक्के आणि नगदी पिकावर 12 टक्के. महाराष्ट्राच्या कायद्याने उत्पन्नाचा धागा सोडला आणि खर्चाचा धरला. 'उसाला भाव मिळतो, मग पाणी महाग करा' हा युक्तिवाद दराच्या सुनावणीत फारसा टिकत नाही, त्याचं कारण हे आहे.

खर्च वाटायचा कसा

सूत्र ऐकायला सोपं आहे. राज्यातल्या प्रकल्पांचा वर्षाचा देखभाल-परिचालनाचा खर्च काढायचा, तो शेती, घरगुती आणि उद्योग या तीन वर्गांत वाटायचा आणि प्रत्येक वर्गाच्या पाण्याने भागायचा. खरा खेळ वाटणीत आहे. कुणाला किती परवडतं, कुणाला पाणी किती खात्रीने मिळतं, किती सहज आणि किती वेळेवर मिळतं, आणि वापरून झाल्यावर कोण ते किती घाण करून नदीत सोडतं, अशा निकषांवर वर्गांना वजन दिलं जातं. दुष्काळात शेतीचं आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, आधी कापलं जातं आणि पिण्याचं शेवटी. मग ज्याच्या पाण्याची खात्री कमी त्याने पैसेही कमी द्यावेत, हे तर्काला धरून आहे.

एक काल्पनिक धरण घेऊ. आकडे मुद्दाम गोल ठेवलेत, कुठल्याही प्रकल्पाचे नाहीत. वर्षाचा खर्च 6 कोटी रुपये. पाणी दिलं 200 दलघमी (दशलक्ष घनमीटर), त्यात शेतीला 160, गावांना 30 आणि कारखान्यांना 10. सरसकट भागलं तर घनमीटरला 30 पैसे पडतात. आता वजनं लावू: शेतीला 1, घरगुतीला 4, उद्योगाला 20. वजनाने गुणल्यावर शेतीचे 160, घरगुतीचे 120 आणि उद्योगाचे 200, मिळून 480. सहा कोटींना 48 कोटी वजनी घनमीटरने भागलं की एका वजनाचे साडेबारा पैसे येतात. म्हणजे शेतीला 12.5 पैसे, घरगुतीला 50 पैसे आणि उद्योगाला अडीच रुपये. शेतीकडून 2 कोटी, गावांकडून दीड कोटी, कारखान्यांकडून अडीच कोटी. खर्च बरोबर निघाला आणि 5 टक्के पाणी वापरणाऱ्याने सर्वांत मोठा वाटा उचलला. प्रत्यक्षातलं चित्र आकड्यांनी वेगळं असलं तरी घडण अशीच आहे. सर्वांत कमी पाणी उद्योगाचं आणि खर्चाचा सर्वांत मोठा वाटाही उद्योगाचाच. ज्यांचा कच्चा मालच पाणी, त्या बाटलीबंद पाणी आणि शीतपेयवाल्यांना त्याहून वरचा दर.

आता पाऊस कमी झाला. पिण्याचं आणि उद्योगाचं पाणी राखून शेतीला 160 ऐवजी 40 दलघमी मिळालं. शेतीचे 2 कोटी होते ते 50 लाखांवर आले. एकूण जमा साडेचार कोटी, खर्च मात्र सहाच. धरणाचे दरवाजे, कालव्याचा भराव, पाटकऱ्याचा पगार, यातलं काहीच पाऊस बघून कमी होत नाही. दीड कोटींची तूट पडते. ही तूट पगारातून भागत नाही, कारण पगार थांबवता येत नाहीत. ती जाते दुरुस्तीच्या खात्यातून. पुढच्या वर्षी कालव्याला गळती, शेपटाकडच्यांना पाणी नाही आणि ते पाणीपट्टी भरायला तयार नाहीत. चक्र तिथून फिरायला लागतं.

उलट बाजूनेही फसगत होते. औद्योगिक वसाहत आरक्षण 10 दलघमीचं घेते आणि उचलते 6. दर काढताना 10 धरले असतील तर वरच्याच उदाहरणात 1 कोटी गेले. म्हणून दराच्या कागदपत्रांत उद्योगाच्या पाण्यासमोरचा आकडा आरक्षणाचा आहे की प्रत्यक्ष उचलीचा, हे आधी बघावं. शेतीचा दर त्या एका आकड्यावर हलतो.

पावसाची ही जोखीम कुणी घ्यायची, हा जगभरच्या नियामकांचा प्रश्न आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये ग्रामीण पाण्याचे ठोक दर इपार्ट नावाची स्वतंत्र संस्था ठरवते. तिथे प्रत्येक नदीखोऱ्याचा दर वेगळा असतो आणि बिल दोन तुकड्यांत येतं: परवान्यावरचा ठरावीक आकार आणि मोजलेल्या पाण्यावरचा आकार. खर्च जवळपास सगळा ठरावीक असूनही धरणांनी नियंत्रित बहुतेक खोऱ्यांत 40 टक्के ठरावीक आणि 60 टक्के वापरावर अशी विभागणी ठेवली गेली, कारण कोरड्या वर्षी शेतकऱ्याच्या हातात पाणी नसताना मोठं बिल जाऊ नये. मग तुटीचं काय? त्यासाठी पुढच्या वापराचा अंदाज एका वर्षावरून न घेता मागच्या 20 वर्षांच्या सरासरीवरून घेतात. शिवाय जास्त खात्रीच्या परवान्याला दर जास्त आणि साध्या परवान्याला कमी. आपल्याकडे शेतीला ठरावीक आकाराचा तुकडा नाही. पाणी नाही तर पाणीपट्टी नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे चांगलंच, पण त्याची किंमत कालव्याच्या दुरुस्तीतून जाते, हेही खरं. कायदा उपखोरं, खोरं आणि राज्य अशा तिन्ही पातळ्यांचं नाव घेतो, तरी आजवरचे दर राज्यभर सारखेच लागले आहेत. गळका जुना कालवा आणि अस्तरीकरण झालेला नवा कालवा, दोघांना भाव एकच.

आदेश येतो कसा

आधी निकषांचा मसुदा म्हणजे दृष्टिकोन निबंध निघतो, त्यावर विभागवार चर्चासत्रं होतात. पहिल्या खेपेला हा कागद इंग्रजीत होता. ज्यांना दर भरायचा त्यांना तो वाचता येईना, तेव्हा मराठीत द्या आणि चर्चा पुन्हा घ्या अशी मागणी संघटनांनी लावून धरली आणि मराठी भाषांतर मिळालं. निकष पक्के झाले की जलसंपदा खातं महामंडळांकडून (कृष्णा खोरे, गोदावरी मराठवाडा, तापी, विदर्भ आणि कोकण) आकडे गोळा करून दराचा प्रस्ताव देतं. त्यावर हरकती, सुनावण्या आणि मग आदेश. कायद्यात दर तीन वर्षांनी फेरआढावा सांगितलाय. पहिला आदेश 2011 चा, 2010 ते 2013 या काळासाठी. त्यानंतरचे नवे दर लागू झाले ते 1 फेब्रुवारी 2018 पासून, आणि त्यापुढचे 1 जुलै 2022 पासून. 2013 ते 2018 मधल्या पाच वर्षांत डिझेल, सिमेंट आणि पगार कुठे गेले ते आठवा. मग एकदम वाढ का होते हे कळतं. दर तीन वर्षांनी थोडी वाढ झाली असती तर बोंब कमी झाली असती.

खर्चाच्या आकड्याबद्दल सुनावणीत एक मुद्दा नेहमी निघतो. खर्च प्रत्यक्ष झालेला धरायचा की जो व्हायला हवा तो? प्रत्यक्ष धरला तर दुरुस्तीच न झालेल्या कालव्याचा खर्च कमी दिसतो आणि दरही कमी येतो, मग दुरुस्ती कायमची राहते. म्हणून हेक्टरी मानक वापरतात. तेराव्या वित्त आयोगाने वापरात असलेल्या सिंचन क्षमतेला हेक्टरी 1175 रुपये आणि न वापरलेल्या क्षमतेला 588 रुपये असं मानक दिलं होतं. मानक धरलं की दर वर जातो. तो वर गेला आणि दुरुस्ती तरीही झाली नाही, तर मात्र शेतकऱ्याने मानकाचे पैसे भरले आणि प्रत्यक्षातला कालवा घेतला. हरकत घ्यायची तर इथे घ्यावी, दहा-वीस टक्के वाढीवर नाही.

हंगाम आणि मोजण्याची जागा

शेतीचा दर हंगामाप्रमाणे बदलतो. सिंचनाचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं. खरीप 14 ऑक्टोबरपर्यंत, रब्बी 15 ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर आणि उन्हाळी 1 मार्च ते 30 जून. खरीप सर्वांत स्वस्त, कारण तेव्हा धरणात पाणी येत असतं आणि पाटाचं पाणी पावसाला फक्त जोड म्हणून लागतं. उन्हाळी सर्वांत महाग, साधारण खरिपाच्या तिप्पट. एप्रिलमध्ये शेतात पोचलेला एक घनमीटर हा ऑक्टोबरपासून साठवून, सहा महिने उन्हात तापवून, मग कोरड्या कालव्यातून आणलेला असतो. वाटेत बाष्पीभवन आणि वहनव्यय (कालव्यातून वाहताना होणारी घट) यांत किती गेलं ते बिलावर दिसत नाही, दरात दिसतं.

दुसरा फरक जागेचा. संस्थेला पाणी लघुवितरिकेच्या तोंडाशी मोजून मिळतं, का वितरिकेच्या, का मुख्य कालव्याच्या? जितकं वर मोजाल तितका दर कमी, कारण तिथून खालच्या गळतीची जबाबदारी संस्थेवर येते. कालव्याच्या मुखापासून लघुवितरिकेपर्यंत शंभरातले 75 पोचत असतील, तर खालचे 10 पैसे म्हणजे वरचे साडेसात. वरचा दर यापेक्षा कमी असेल तरच वर मोजून घेणं संस्थेला परवडतं. कालव्याची गळती 40 टक्के असेल तर साडेसात पैशांचा दरही तोट्याचा. प्रकल्पस्तरीय संस्था करायच्या गप्पा होतात तेव्हा हा हिशेब कुणी मांडत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड प्रकल्पावर ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने नव्वदीच्या सुरुवातीला संस्था उभ्या राहिल्या आणि पुढे पूर्ण प्रकल्प संस्थांकडे आला. तिथे हे जमलं त्यामागे मोजणीची सवय आहे. दर स्वस्त होता म्हणून ते जमलं नाही.

दोन सेंटिमीटरचा फरक

आता दुसऱ्या रकान्याकडे येऊ. लघुवितरिकेच्या तोंडाशी बहुतेक ठिकाणी प्रवाहमापक म्हणून फ्लूम असतो: गळा आवळलेला, तळ किंचित उचललेला सिमेंटचा भाग. वरच्या बाजूला, उंबऱ्यापासून (त्या उचललेल्या तळापासून) थोडं मागे, भिंतीवर सेंटिमीटरची पट्टी असते. पट्टीवरची खोली वाचायची आणि तक्त्यातून विसर्ग, म्हणजे सेकंदाला वाहणारं पाणी, घ्यायचा. तक्त्यामागचं गणित असं: विसर्ग म्हणजे साधारण 1.7 गुणिले गळ्याची रुंदी गुणिले खोलीचा दीड घात. दीड घात लक्षात ठेवा. सगळं त्यात आहे.

गळा 60 सेंटिमीटरचा आणि उंबऱ्यावर पाणी 20 सेंटिमीटर. विसर्ग सेकंदाला 91 लीटर, म्हणजे सव्वातीन क्युसेकच्या आसपास. सात दिवस रात्रंदिवस चालवलं तर 55 हजार घनमीटर. आता पट्टीचा शून्य उंबऱ्याच्या पातळीशी जुळत नाही, दोन सेंटिमीटर खाली बसलाय, म्हणून पट्टीवर 22 दिसतात. विसर्ग लागतो 105 लीटर, सात दिवसांचं पाणी 63,600 घनमीटर. खोलीत चूक 10 टक्के, पाण्यात 15. घनमीटरला 10 पैसे दर धरला तर जास्तीचं बिल साडेआठशे रुपये. संस्थेचे पंचवीस-तीस सभासद असतील तर माणशी तीस रुपये. कोण भांडणार?

पण दराकडे बघत राहिलो तर खरा तोटा इथे निसटतो. संस्थेचं पाणी कोट्याने बांधलेलं असतं. मंजूर रब्बी कोटा 240 सहस्र घनमीटर धरू. 15 ऑक्टोबरला धरणातला साठा बघून कार्यक्रम ठरतो, कालवा सल्लागार समिती बसते, आणि साठा 70 टक्के असेल तर कोटाही त्या प्रमाणात, म्हणजे 168. बरोबर मोजलं तर पाळीला 55 या हिशेबाने तीन पाळ्या पुऱ्या होतात. पट्टी दोन सेंटिमीटर जास्त दाखवत असेल तर वहीत पाळीला 63.6 लागतात, आणि तिसरी पाळी दोन-तृतीयांशही होण्याआधी कोटा संपतो. गव्हाच्या ओंबीत दाणा भरायच्या वेळी गेट बंद. साडेआठशे रुपयांचं नुकसान सोसता येतं, ही अपुरी पाळी सोसता येत नाही. पाळीचं पाणी हेक्टरी हजार घनमीटर, म्हणजे दहा सेंटिमीटरचं धरलं, तर तिसऱ्या पाळीत वीस-बावीस हेक्टर कोरडं राहतं.

पट्टीचा शून्य हा एक दोष. त्याहून जास्त आढळणारा दोष म्हणजे फ्लूम बुडणं. फ्लूमच्या खाली पाणी मोकळं पडायला हवं. खालच्या चारीत गवत माजलं, गाळ साचला किंवा पुढच्या कुणी फळी टाकून पाणी अडवलं, तर पाणी मागे तुंबतं. खालची पातळी वरच्या खोलीच्या साधारण 80 टक्क्यांच्या वर गेली की तक्ता लागू होत नाही. पट्टीवर खोली भरपूर दिसते, पाणी कमी वाहत असतं आणि वहीत भरपूरचीच नोंद होते. म्हणजे चारी साफ न केल्याचा दंड संस्था घनमीटरमध्ये भरते. ओळखायची खूण सोपी आहे. गळ्यातून बाहेर पडताना पाणी खाली पडून उसळी घेतंय का बघा. वरून खालपर्यंत पृष्ठभाग सपाट आणि शांत दिसला तर फ्लूम बुडालेला आहे. तिसरा दोष वरच्या बाजूच्या गाळाचा, आणि चौथा माणसांचा: वाचन दिवसातून एकदाच घेतलेलं. वरच्या गेटमध्ये रात्री फेरफार झाला तर सकाळची खोली आणि रात्रीची खोली यांचा संबंध राहत नाही. सकाळ-संध्याकाळ दोनदा, खात्याचा माणूस आणि संस्थेचा माणूस मिळून, एकाच वहीत आणि दोघांच्या सह्यांनी नोंद झाली तर पुढचे निम्मे वाद होत नाहीत. वही एकच असावी. दोन वह्या असल्या की खरी कोणती हे ठरवायला तिसरी लागते.

हेक्टरी आकारणी अजून का टिकलीय

2005 मध्येच झालेल्या शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाच्या कायद्याने संस्थेमार्फत आणि मोजून पाणी ही दिशा दिली. संस्थेला पीक निवडायचं स्वातंत्र्य मिळालं. कोट्यात ऊस लावा किंवा हरभरा, घनमीटर तेवढेच. तरी मोठ्या क्षेत्रावर अजून सात नंबरचा फॉर्म चालतो. हंगामाआधी जाहीर सूचना येते, शेतकरी पीक आणि क्षेत्र लिहून पाणीमागणी अर्ज देतो, थकबाकी नसेल तर मंजुरी मिळते, मग कर्मचारी शिवारात फिरून उभं पीक बघतात आणि हेक्टरी दराने आकारणी करतात. त्यावर 20 टक्के स्थानिक उपकर लागतो. प्राधिकरणाच्या आदेशातला दर आणि बिलाची बेरीज जुळत नाही म्हणून लोक चकित होतात, तो फरक बहुधा उपकराचा असतो. अर्ज न देता भिजवलं तर पंचनामा आणि दंडाचा दर.

हेक्टरी पद्धतीत मुखाकडचा सहा पाण्यांचा आणि शेपटाकडचा तीन पाण्यांचा गहू एकाच भावात बसतो. पाणी वाचवलं तर कुणाचं काही वाचत नाही. तरी ही पद्धत टिकलीय, कारण फ्लूम नाही तिथे मोजणार कसं, आणि फ्लूम बांधायचा खर्च कोण करणार? शिवाय मुखाकडच्यांना ती सोयीची आहे. हे कुणी सुनावणीत म्हणत नाही, पण संस्था का होत नाहीत याचं अर्धं उत्तर त्यात आहे.

उपसा आणि एक विचित्र कलम

नदीवरून किंवा जलाशयावरून स्वतःच्या पंपाने पाणी उचलणाऱ्याला पाण्याचा दर प्रवाही (कालव्याने आपोआप वाहत येणाऱ्या पाण्याच्या) दरापेक्षा कमी असतो, कारण वीज, पाइप आणि मोटार जळण्याची चिंता त्याचीच. सरकारी उपसा योजनांचं गणित निराळं. सांगली-सातारा-सोलापूरच्या दुष्काळी पट्ट्यातल्या टेंभू, ताकारी, म्हैसाळ अशा योजनांत पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवावं लागतं आणि वीजबिल हाच मुख्य खर्च होतो. थकलेल्या वीजबिलापायी आवर्तनं अडायची. शेवटी विजेच्या खर्चातला 81 टक्के वाटा शासनाचा आणि 19 टक्के लाभधारकांचा, हे सूत्र आलं. दर ठरवणाऱ्याच्या नजरेने हे उघड अनुदान आहे, आणि उघड आहे हेच त्यातलं चांगलं. लपलेलं अनुदान न झालेल्या दुरुस्तीच्या रूपात फिरत राहतं आणि कुणाच्या नावावर पडत नाही.

प्राधिकरणाच्या कायद्यात आणखी एक तरतूद आहे, जिची दराच्या अर्थशास्त्रात जागा कुठे हे शोधूनही सापडत नाही. दोनपेक्षा जास्त अपत्यं असणाऱ्याला शेतीच्या पाण्याला दीडपट दर. कायद्याच्या सुरुवातीला ज्यांना आधीच जास्त मुलं होती त्यांना सूट. संस्थेला पाणी ठोक मोजून दिल्यावर कुणाच्या घरात किती मुलं हे लघुवितरिकेच्या तोंडाशी कोण मोजणार? पाणीपट्टी ही खर्च वसूल करायची गोष्ट. तिच्यावर लोकसंख्येचं ओझं टाकलं की ना हे होतं ना ते.

हरकत घ्यायला बसताना

पुढच्या फेरआढाव्याचा मसुदा निघेल तेव्हा शेवटच्या पानावरचा दराचा तक्ता शेवटीच वाचावा. आधी वर्गवार पाण्याचा तक्ता काढा आणि शेतीचं पाणी कुठल्या ठिकाणी मोजलेलं धरलंय ते बघा. धरणाच्या दरवाजाशी मोजलेलं पाणी भाजक म्हणून वापरलं आणि बिल लघुवितरिकेवर मोजून आलं, तर वाटेतल्या गळतीमुळे जमा कमी पडते, आणि ती भरून काढायला पुढच्या वेळी दर वाढतो. उलटं झालं असेल तर तसं विचारायचा हक्क आहे. मग आकारणी आणि वसुली यांचे वेगळे आकडे मागा. आकारणीवर बेतलेला दर कागदावर खर्च भागवतो, वसुली निम्मी असेल तर प्रत्यक्षात भागवत नाही, आणि वेळेवर भरणाऱ्यांवरच पुढची वाढ येते. खर्चात पगार किती आणि दुरुस्ती किती हे वेगळं मागा. रिक्त जागांचे पगार मानकात धरले असतील तर तेही दिसून येईल.

आणि आपल्या चारीचं काम सुनावणीची वाट न बघता करता येतं. आवर्तन सुटण्याआधी फ्लूम कोरडा असतो तेव्हा एक पारदर्शक नळी पाण्याने भरा. तिचं एक टोक उंबऱ्यावर धरा आणि दुसरं पट्टीपाशी. नळीतलं पाणी दोन्ही टोकांना एकाच पातळीवर राहतं. उंबऱ्याकडच्या टोकाला पाणी बरोबर उंबऱ्याला टेकलं की पट्टीवरचा आकडा वाचा. तिथे शून्य यायला हवा. दोन आले तर दोघांच्या सह्यांचा पंचनामा करा, फोटो काढा आणि शाखा कार्यालयात अर्ज द्या, पाणी सुटायच्या आत. पाणी सुटल्यावर तो उंबरा दिसत नाही.